सिकलसेल : तपासणीनंतर काय?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. मात्र तपासणीनंतर काय, याचे उत्तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी केलेल्या संशोधनात सापडते.

भारतातील सिकलसेल सौम्य असतो, हा समज 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिशातील अभ्यासाने बळावला. तेथील रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक होते. लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्यास ते अटकाव करते. विदर्भात मात्र हे संरक्षण असूनही अनेक मुलांना तीव्र वेदना होत असल्याचे डॉ. जैन यांच्या अभ्यासातून पुढे आले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी अशा मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे कमी मात्रेत दिले. वेदनांचे झटके, रक्त चढविण्याची गरज आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग घटले.

थोडक्यात, आजार सौम्य नाही आणि उपचारही आवाक्याबाहेरचा नाही. तपासणीच्या कार्डापाठोपाठ औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळाले नाही, तर निदान केवळ कागदावरच राहील.