सेविका कोण, परिचारिका कोण?

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर माझ्या ओळखीचे एक कुटुंब राहते. सुनेच्या बाळंतपणासाठी सासूबाई गावाहून आल्या होत्या. बाळ दीड महिन्याचे झाले, लसीची वेळ आली. सासूबाई निर्धास्त होत्या. म्हणाल्या, "आरोग्य सेविका येऊन वहीत नाव लिहून गेल्यात. त्याच टोचतील." वाट पाहण्यात तीन आठवडे गेले.

यात दोष कोणा माणसाचा नव्हता, नावाचा होता. आपल्या खेड्यापाड्यांत आरोग्य सेविका म्हणजे उपकेंद्राची एएनएम. परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेली, लस टोचणारी. मुंबई महापालिकेत मात्र घरोघर फिरून नोंदी ठेवणाऱ्या, गरोदर बायकांना केंद्रावर पाठवणाऱ्या स्वयंसेविकांना लोक आरोग्य सेविका म्हणतात. टोचण्याचे काम त्यांचे नाही; लस आरोग्य केंद्रावर जाऊन घ्यायची असते. बाळाला पुढे लस मिळाली. डोस लांबला तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस मात्र लगेच द्यावा.

नावांची ही गर्दी वाढतच आहे. 1975 मध्ये अंगणवाडी सेविका आल्या, 2005 नंतर आशा ताई. 2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांत कोणी आयुर्वेदाचे पदवीधर, कोणी परिचारिका. गावकरी सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात.

रुग्णालयात तर विचारू नका. पाट्यांवर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असे शब्द असतात; आपण पांढरे कपडे दिसले की "सिस्टर" म्हणतो. ऑपरेशनआधी पेशंटला पाणी द्यावे का, हे आपण आयाबाईंना विचारतो, आणि त्या बिचाऱ्या माणुसकीने "द्या घोटभर" म्हणाल्या तर जिवाशी खेळ होतो. उलट महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे सांगायला आरोग्यमित्र बसलेला असतो. पण नावावरून काहीच उमगत नाही, म्हणून लोक त्याच्या टेबलापुढून निघून जातात आणि नंतर उसनवारी करतात.

या नावांचा फटका काम करणाऱ्यांनाही बसतो. "स्वयंसेविका" म्हटले की पगार नाही, मानधन. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला 2022 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. काम रोजचे आणि नाव मात्र हौशीचे, हा न्याय नव्हे.

माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि वॉर्डात मोठ्या अक्षरांत फलक लावावा: कोणाचे पद काय, त्यांचे काम काय, आणि कोणते काम त्यांचे नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर कामही लिहावे. याला फारसा खर्च नाही.

तोवर वाचकहो, घरी कोणी आरोग्याच्या कामासाठी आले, तर पाण्याचा पेला पुढे करा आणि आदराने तीन प्रश्न विचारा. ताई, तुम्ही काय तपासता? औषध किंवा लस तुम्ही देता का? नसेल, तर कोणाकडे आणि कोणत्या दिवशी जायचे? उत्तरे बाळाच्या लसीकरण कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवा. असल्फ्याच्या त्या सासूबाई आता प्रत्येकीला हेच विचारतात.