साबणाची वडी आणि सेवेचा संस्कार

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील हसनाळ गावात पुराचे पाणी शिरले आणि अनेकांचे संसार वाहून गेले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील गावांनाही असेच उघड्यावर आणले होते. अशा प्रसंगी धान्याचा ओघ लागतो. परंतु साबण, दंतमंजन, कंगवा, टॉवेल, सॅनिटरी नॅपकिन यांची आठवण उशिरा होते. पूर ओसरल्यावर दूषित पाण्यामुळे अतिसार पसरतो, तेव्हा साबणाची वडी औषधाइतकीच मोलाची ठरते.

असे संच बांधण्याचे काम नांदेड-लातूरच्या शाळांतील मुलांकडे सोपवावे. मात्र घरातील अडगळ रिकामी करणे म्हणजे सेवा नव्हे. जो टॉवेल आपण स्वतः वापरू, तोच पिशवीत जावा. घेणारे कुटुंब मुलांना याचक नव्हे, आप्त वाटावे. त्याची जात वा पंथ विचारला जाऊ नये. छायाचित्रे, फलक, सत्कार यांना तेथे स्थान नसावे. समाजपुरुषाचे एक अंग दुखावले की दुसऱ्याला वेदना व्हावी, हा संस्कार भाषणाने रुजत नाही. हातांना काम दिल्याने रुजतो. त्यासाठी पुढच्या आपत्तीची वाट कशाला पाहायची?