पालापाचोळा आणि पाचट जाळू नये : शिरूर व दौंड तालुक्यांतील नागरिकांना आवाहन

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्या, तसेच चासकमान, घोड आणि नवा मुठा उजवा या कालव्यांच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. कालव्याच्या प्रत्येक आवर्तनाची वाट पाहणाऱ्या या भागात जमिनीची ओल राखणारे आच्छादन मात्र दरवर्षी काडी लावून संपवले जाते. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की तोडलेल्या फडांत पाचट पेटते. फेब्रुवारीनंतर दोन्ही शहरांत पिंपळ, शिरीष, कडुनिंब आणि देशी बदामाची पाने गळू लागतात आणि रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, सोसायट्यांच्या कोपऱ्यांत ढीग धुमसू लागतात.

अर्धवट ओला पाला नीट पेटत नाही, तो तासन्‌तास धुमसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण बाहेर पडतात. हे कण नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. भारतीय मानकानुसार हवेत त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ ठरवली. हिवाळ्यात संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते. त्यामुळे सायंकाळी पेटवलेल्या ढिगाचा धूर रात्रभर वस्तीतच राहतो. दम्याचे रुग्ण, तान्ही मुले आणि वृद्ध यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या मिसळलेल्या असल्या तर हा धूर आणखी विषारी होतो.

काही देशांतील शहरांत पाला जाळण्यासाठी ठरावीक दिवस आणि वेळा नेमून दिलेल्या असतात. येथे तशी सवलत मागण्यात अर्थ नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी रस्त्यावर व सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई त्या आदेशात ठरवली आहे.

पाचटाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पाचटामुळे सरीत पाणी पुढे सरकत नाही, उंदीर वाढतात, मशागतीला अडथळा होतो, मजूर मिळत नाहीत. तरीही हिशेब जाळण्याच्या विरोधातच जातो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे हेक्टरी किमान ४० किलो नत्र, युरियाच्या भाषेत जवळजवळ दोन गोण्या, धुरावाटे जाते. सेंद्रिय कर्बही जातो, आणि उघड्या पडलेल्या जमिनीला पाणी लवकर द्यावे लागते.

खोडवा ठेवताना पाचट सरीत दाबून बसवावे, बुडखे उघडे करून कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पुढची खते पहारीने भोके घेऊन द्यावीत, म्हणजे पाचट हलवावे लागत नाही. ज्यांना जमेल त्यांनी कुट्टी यंत्र फिरवावे. बारीक झालेले पाचट लवकर कुजते आणि पाण्यालाही फारसे अडवत नाही. एका शेतकऱ्याला यंत्र परवडत नसेल तर गटाने ते भाड्याने आणावे. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांनी तोडणीच्या नोंदीबरोबरच याची विचारपूस करावी, ही अपेक्षा रास्त आहे.

शहरातल्या पाल्याचा उपाय सोपा आहे. झाडाच्या आळ्यात पानांचा वीतभर थर दिला तर उन्हाळ्यात पाणी कमी लागते. उरलेली पाने खड्ड्यात थर देऊन, अधूनमधून शेणकाला शिंपडून ओलसर ठेवली की काही महिन्यांत खत तयार होते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमातून पाने नको असलेले आणि हवी असलेले नागरिक एकमेकांशी जोडले जातात. शिरूर आणि दौंडमध्ये तर पाने घेणारे शेतकरी शहराच्या वेशीवरच आहेत.

दोन्ही नगरपरिषदांनी पानगळीच्या हंगामात सुक्या पाल्यासाठी स्वतंत्र गाडी आणि प्रभागनिहाय खड्डे द्यावेत, आणि झाडलेला ढीग जागीच पेटवू नये अशी लेखी सूचना सफाई ठेकेदारांनाही द्यावी. नागरिकांनी पाल्यात प्लॅस्टिक मिसळू नये आणि पेटलेला ढीग दिसल्यास आरोग्य विभागाला कळवावे. गावांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाचट न जाळण्याचा ठराव मांडावा. त्या वेळी निम्मे फड अजून तोडायचे असतात, त्यामुळे ठराव त्याच हंगामात लागू करता येतो.