दुसऱ्यासाठी शब्द टाकणे

ख्रिस्ती परंपरेत उत्तेजन देणे म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. ज्याच्यावर कोणाचा भरवसा उरलेला नाही, त्याच्यासाठी आपली पत पणाला लावणे, हे त्याचे खरे रूप. नव्या करारात ते सर्वांत स्पष्ट दिसते बर्णबाच्या चरित्रात.

बर्णबा हा कुप्र बेटावरचा लेवी. त्याचे मूळ नाव योसेफ. बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, हे नाव प्रेषितांनी ठेवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो पहिल्यांदा भेटतो, तो शेत विकून आलेला पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवताना. बोलण्याआधी देणारा माणूस, अशी त्याची ओळख तिथेच पक्की होते.

दमिष्काच्या वाटेवर शौलाचे मन पालटले आणि तो यरुशलेमेत आला, तेव्हा तिथले शिष्य त्याला भ्याले. ती भीती अनाठायी नव्हती. स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे याच शौलाच्या पायाशी ठेवलेली होती, आणि घरोघर शिरून स्त्री-पुरुषांना तुरुंगात टाकणाराही हाच होता. ‘मी आता बदललो’ एवढ्या म्हणण्यावर त्याला आत घ्यायचे म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. बर्णबा त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे गेला. तिथे त्याने शौलाचे गुण गायले नाहीत, घडले ते सांगितले: वाटेत प्रभू कसा दिसला, तो काय बोलला, दमिष्कात शौलाने उघडपणे उपदेश कसा केला. ज्याच्यासाठी शब्द टाकायचा त्याची हकिकत आधी नीट ऐकून घ्यावी लागते. बर्णबाने ती ऐकली होती, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आले.

पुढे शौल तार्सला, आपल्या गावी गेला आणि काही काळ त्याचा उल्लेखच येत नाही. दरम्यान अंत्युखियात ग्रीक भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येने विश्वास ठेवू लागले. पाहणीसाठी यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबाला पाठवले. तपासणीला आलेला माणूस सहसा उणे शोधतो. हा मात्र तिथली देवाची कृपा पाहून आनंदला, आणि प्रभूला धरून राहा, असा बोध त्याने सर्वांना केला. काम वाढते आहे हे पाहून तो स्वतः तार्सला गेला, शौलाला शोधून काढले आणि घेऊन आला. दोघांनी तिथे वर्षभर शिकवले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाले ते याच गावात.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दोघांची नावे आधी ‘बर्णबा व शौल’ अशी येतात, पुढे, शौलाला पौल म्हटले जाऊ लागल्यावर, बहुतेक ठिकाणी ‘पौल व बर्णबा’ अशी. ज्याला आपण पुढे आणले तो आपल्याही पुढे गेला, आणि बर्णबाने त्याबद्दल कुरकूर केल्याची एकही नोंद नाही. उत्तेजनाची सर्वांत अवघड पायरी हीच असावी. पडलेल्याला हात देणारे पुष्कळ भेटतात. उभा राहिलेला माणूस पुढे निघून गेल्यावरही आनंदी राहणारे थोडे.

बर्णबा आणि पौल यांच्यात फूट पडली ती मात्र दुसऱ्याच एका तरुणावरून. योहान मार्क या दोघांसोबतचा प्रवास पंफुल्यातून अर्धा सोडून माघारी गेला होता. त्याला पुन्हा बरोबर घ्यावे असे बर्णबाचे मत, तर पौलाचा ठाम नकार. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला. त्या क्षणी पौलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. तरीही पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे शब्द येतात. दुसरे शुभवर्तमान परंपरेने याच मार्कच्या नावावर आहे.

धीर कसा द्यावा याचा एक वेगळा धडा जुन्या करारात, एलीयाच्या कथेत आहे. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. तिथे देवदूत त्याला उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला लावतो. विश्वास कसा डळमळला याची चर्चा नाही, पुढच्या कामाचे बोलणेही बरेच नंतर, होरेब डोंगरावर. याउलट ईयोबाचे मित्र. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बोलू लागले आणि दुःखाचे खापर त्याच्याच पापावर फोडू लागले. आजारी माणसाच्या खाटेशी बसून ‘तुझी प्रार्थना कमी पडली असेल’ असे सुचवणारा विश्वासी त्यांच्याच वाटेने जात असतो. असे बोलणे निर्दय आहे, मग त्यात कितीही वचने गुंफलेली असोत.

थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिताना पौल माणसामाणसांत फरकही करतो: अव्यवस्थित वागणाऱ्यांना बजावा, हिंमत खचलेल्यांना धीर द्या, दुबळ्यांना आधार द्या. खचलेल्याला बजावले तर तो मोडतो.

मराठी मुलखात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात या वृत्तीचे दर्शन घडते. लग्न झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते; टिळकांनी त्यांना शिकवले आणि त्यांच्या हातून पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले गेले. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना या दांपत्याने अहमदनगरच्या आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि तरी ते त्या घरचेच राहिले. उत्तेजनाची किंमत वसूल न करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे सहज सापडणार नाही.

आजच्या मंडळीत हे काम रविवारच्या उपासनेनंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत होते किंवा राहून जाते. पहिल्यांदाच शास्त्रवाचन करणाऱ्या मुलीचा आवाज कापतो, एक ओळ सुटते. दाराशी भेटलेले बहुतेक जण ‘छान वाचलंस’ म्हणून पुढे जातात; ते खरे नसल्याचे तिलाही कळते. एखादे काका मात्र थांबतात. ‘बाळा, नावं अगदी स्पष्ट म्हटलीस, दुसऱ्या परिच्छेदात घाई झाली. पुढच्या महिन्यातलं स्तोत्र तूच वाच, शनिवारी मी ऐकायला बसतो.’ यात खरी गोष्ट आहे, पुढचे काम आहे, आणि बोलणाऱ्याचा शनिवारही आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या तरुणाला, नापास झालेल्या मुलाला, नवऱ्यामागे एकटी येऊ लागलेल्या बाईला लागते तेही हेच: नाव घेऊन मारलेली हाक, हाताला काम आणि कोणाचा तरी वेळ. मंडळीच्या पंचांनी येत्या बैठकीत वाचन, गायन आणि आजाऱ्यांच्या भेटी यांच्या याद्या काढाव्यात, आणि आजवर ज्यांना कोणी विचारलेच नाही अशांपैकी एकाचे तरी नाव प्रत्येक यादीत घालावे.