डायनासोर परत आणण्याआधी माळढोकाचा माळ

१/ डायनासोर पुन्हा जिवंत करता येतील का आणि करावेत का, हा प्रश्न विज्ञानाचा मानला जातो. माझ्या मते तो इतिहासाचाही आहे. 'गेलेले परत आणणे' म्हणजे नेमके काय, हे इतिहासाच्या अभ्यासकाला रोजच स्वतःला विचारावे लागते. आपल्या नागापूरच्या दगडापासून सुरुवात करू. 🧵

२/ नागापूर एमआयडीसीत पाया खोदताना जो काळा दगड लागतो, तो बेसॉल्ट: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थिजलेला लाव्हा. डायनासोरांचा अस्तही त्याच सुमारास झाला. त्यांचे अवशेष मात्र चंद्रपूर जिल्ह्यात सापडतात. तेथील डोंगरगावच्या सांगाड्याला आज 'इसिसॉरस' म्हणतात. हे नाव भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले.

३/ त्याच जिल्ह्यातील पिसदुऱ्याला दगड झालेली विष्ठा मिळाली. ती बहुधा डायनासोरांची. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले आणि 'डायनासोरांच्या काळी गवत नव्हते' ही रूढ समजूत मोडली. हे गवत लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडेच यायचे आहे.

४/ मग त्या अवशेषांतून डायनासोर घडवता येईल? नाही. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरील २०१२ च्या अभ्यासानुसार त्या हाडांतील डीएनए दर ५२१ वर्षांनी निम्मा होतो. ग्रीनलँडच्या गोठलेल्या गाळात सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला, तोही तुकड्यातुकड्यांत. डायनासोर त्याच्या तेहतीसपट मागे आहेत. ज्या पोथीचे एकही पान उरले नाही, तिची नक्कल कशावरून करणार?

५/ अलीकडच्या प्राण्यांचे काय? एप्रिल २०२५ मध्ये 'कोलॉसल' या अमेरिकी कंपनीने 'डायर वुल्फ' परत आणल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल केलेली ती पिल्ले आहेत. कौशल्य अपूर्व आहे, पण याला पुनरागमन म्हणता येत नाही. ही पुनर्रचना आहे.

६/ हा भेद आपल्याच जिल्ह्यात शिकता येतो. प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये चार कांस्यशिल्पे सापडली: बैलगाडीसारखा रथ, हत्ती, म्हैस आणि गेंडा. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गेंड्याचे शिल्प मिळाले म्हणून गेंडा प्रवरेकाठी चरत होता, असे लगेच म्हणता येत नाही. प्रतिमा हा प्राण्याचा पुरावा नव्हे. हाच नियम प्रयोगशाळेतील प्रतिमेलाही लागू व्हावा.

७/ नीतीचा प्रश्न याहून कठीण आहे. स्पेनमधील 'बुकार्डो' ही रानशेळी २००० मध्ये नामशेष झाली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि फुफ्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच गेला. त्यासाठी अनेक शेळ्यांच्या गर्भाशयांत भ्रूण रोवले गेले होते. अपयशाची किंमत नेहमी मुक्या जिवांनी मोजली. आणि जो जगेल, त्याला कळप कोणता, रान कोणते, शिकवणारी आई कोणती?

८/ आता गवताकडे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या माळांवर माळढोक अभयारण्य घोषित झाले, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. पुढे ते सुमारे बाराशेवर आले. आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि मादी बहुधा एकाच अंड्यावर थांबते. सरकारी कागदांत माळाला 'पडीक' म्हणायची सवय आहे. पडीक म्हटले की तेथे काहीही उभारता येते. विजेच्या तारा, ऊस, अगदी सद्हेतूने लावलेली झाडेसुद्धा या पक्ष्याचा माळ हिरावतात.

९/ तर तंत्रज्ञान नाकारायचे का? मुळीच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. येथे प्रत हाती आहे, माता जिवंत आहे आणि परतायला माळही आहे, आपण राखला तर. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरच्या राखीव गवतावर काळविटांनी पुन्हा जम बसवला. तेथे जनुके बदलावी लागली नाहीत. गवत राखावे लागले.

१०/ माझे म्हणणे इतकेच. 'सगळे परत आणता येते' या आश्वासनाने नामशेष होणे स्वस्त होते. आज घालवू, उद्या बनवू. इतिहास याच्या उलट शिकवतो. गेलेल्याचे ज्ञान मिळवता येते, गेलेले मिळवता येत नाही. डायनासोर गेले, त्यांच्या पोटातले गवत मात्र टिकले. ते आपल्या पिढीत संपले, तर दोष ज्वालामुखीला देता येणार नाही.

तुमच्या गावचा माळ सातबाऱ्यावर कोणत्या नावाने नोंदला आहे, हे एकदा पाहा आणि येथे लिहा.