बारची थीम आणि मावशींचं फडकं

परवा दुपारी मैत्रिणीचा फोन आला, "अगं, असशील तशी ये. एका गोष्टीत तुझं मत हवंय." मला वाटलं, मुलीच्या स्थळाचं काही असेल, नाहीतर पडद्यांचा रंग! गेले तर जेवणाच्या टेबलावर लॅमिनेटचे नमुने, टाइल्सचे तुकडे असा सगळा पसारा आणि मधोमध टॅब घेऊन बसलेला डिझायनर. प्रश्न होता, नव्या बंगल्यातल्या बारला थीम कुठली ठेवायची?

मैत्रिणींनो, हसू नका. हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतही घराच्या नकाशात देवघर, मॉड्युलर किचन आणि जिन्याखाली 'बार युनिट' अशी रांग असते. पूर्वी बाटली कपाटात, कपड्यांच्या घड्यांमागे असायची. आमच्या घरचंच सांगते. ह्यांची एक बाटली स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे असते. बचत गटाच्या बैठकीत मी दारूविरुद्ध तावातावाने बोलते आणि ती बाटली कुठे आहे हेही मला ठाऊक असतं. तेव्हा सोवळ्याचा आव आणून मी काही तिथे बसले नव्हते. लपवाछपवीपेक्षा उघड बरं, असंही एक मन म्हणतंच की.

डिझायनर मुलगा हुशार होता. काउंटर साधारण ४२ इंच उंच हवा, मग स्टूल ३० इंचांचं; ऊन येणारी भिंत नको; वाइनची बाटली आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं, व्हिस्कीची मात्र उभीच. हे ऐकून मला एकदम हसू फुटलं. आम्हा बायकांच्या लेखी आडवी बाटली म्हणजे दुकान बंद! पण त्याचं पुढे येईल.

आता थीम. पहिली इंग्लिश पबची. काळपट लाकूड, पितळी दांडी, चामड्याची स्टुलं. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलखातली ती ऊब; आपल्याकडे मे महिन्यात त्या चामड्याला माणूस चिकटून बसेल. दुसरी गोव्याच्या तावेर्नाची, निळ्या-पांढऱ्या टाइल्स, फेणीचे पोटफुगे काचेचे बुधले. ही मला बरी वाटली. त्या टाइल्सची कला पोर्तुगालहून आली, काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, निदान त्या मातीतली तरी गोष्ट. तिसरी 'टिकी'. बांबू, झावळ्या आणि लाकडी मुखवटे. १९३०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात ही टूम निघाली. ते मुखवटे म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचे देव आणि पूर्वज. त्यांच्या आकाराचे पेले करून लोक त्यातून दारू प्यायले! आपल्या खंडोबाच्या टाकाचं कुणी असं केलं तर? मैत्रीण म्हणाली, "शी, काहीतरीच!" ती थीम तिथेच बाद झाली.

चौथी थीम मात्र तिघांनाही, म्हणजे तिला, भावोजींना आणि कॉलेजातल्या त्यांच्या चिरंजीवांना, भलतीच आवडलेली. 'गुत्ता'! शहरांत म्हणे सध्या हीच जोरात आहे. फळ्यांची बाकं, पत्र्याचं छत, मुद्दाम पोपडे काढलेली भिंत, जाळीची खिडकी, भिंतीवर 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी आणि वर लाल निऑन अक्षरांत 'हातभट्टी'. पाटीची ऑर्डर गेलीसुद्धा होती. चिरंजीव म्हणाले, "मावशी, एकदम हटके आहे की नाही?"

मी गप्प झाले. कारण त्याच वेळी आतून मावशी चहा घेऊन आल्या.

या मावशी मैत्रिणीकडे आणि माझ्याकडेही कामाला आहेत. त्यांचा नवरा गवंडी होता, हात सोन्याचा. शनिवारी पगार व्हायचा आणि घराच्या वाटेवर खराखुरा गुत्ता होता. त्याचीही भिंत अशीच पोपडे गेलेली, खिडकीला जाळी, बाकं फळ्यांची. फक्त तिथले पोपडे मजुरी देऊन काढलेले नव्हते. मावशी त्या बाकावरून नवऱ्याला उठवून आणायच्या, कडेवर पोर घेऊन. चाळिशीच्या आत तो गेला. आता नव्या बंगल्यात फरशी पुसताना, धूळ झटकताना त्या पाटीवरून फडकं कोण फिरवणार? मावशीच ना?

'हातभट्टी' हा शब्दही काही गमतीचा नाही हो. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली, बहुतेक सगळी हातावर पोट असलेली. ती अक्षरं दिवाणखान्याशेजारी लाल दिव्यांत चमकवायची?

आमच्या प्रभागात काही वर्षांपूर्वी देशीचं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं, तेव्हा मी दारोदार फिरले होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नुसती जास्त मतं पुरत नव्हती, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा होता. म्हणजे जी घरी बसली तिचं मत दुकानदाराच्या पारड्यात! एक रोजंदारी बुडवून मावशींच्या वस्तीतल्या बायका रांगेत उभ्या होत्या. आमच्या कॉलनीतून किती आल्या ते विचारू नका. थोडक्यात हुकलं. ही मैत्रीण त्या दिवशी लग्नाला गेली होती, हेही लिहून टाकते, रागावली तर रागावली.

तर माझं म्हणणं एवढंच की थीम म्हणजे कुणाच्या तरी जगण्याची नक्कल असते. पब इंग्रजांचा, मुखवटे बेटांवरच्या लोकांचे, गुत्ता मावशींचा. ज्याची नक्कल करायची तो माणूस आपल्याच घरात चहाचा ट्रे घेऊन उभा असेल तर आधी त्याच्याकडे बघावं की नाही? बार करायचा तर करा, तुमचं घर, तुमचा पैसा. मात्र तो 'हटके' करायला दुसऱ्याच्या घराची राख आणू नका.

मैत्रीण जरा चिडली. "मग तूच सांग ना दुसरी थीम!" मला सुचलं ते मी सांगितलं. त्यांच्या गावाकडच्या वाड्याचं सागवानी दार, पितळी कड्यांचं, गोदामात पडून आहे. त्याचं छान बंद होणारं कपाट करा, कुलूपकिल्लीसकट, कारण घरात वीस वर्षांचा मुलगा आहे आणि आपल्या राज्यात व्हिस्की-रमसाठी वयाची अट २५ आहे. परवान्याचंही पाहा म्हटलं, १९४९च्या दारूबंदी कायद्याने तो लागतो. त्यावर भावोजी "पाहू, पाहू" म्हणाले. खालच्या कप्प्यात कोकम, आवळा, करवंद यांची सरबतं ठेवा, म्हणजे पुरुष बैठकीत आणि बायका स्वयंपाकघरात, असं व्हायचं नाही. डिझायनर तर खूश. "वाडा थीम! जबरदस्त!" म्हणत त्याने लगेच टॅबवर रेघा ओढायला घेतल्या.

तेवढ्यात भावोजी एकदम म्हणाले, "नको. ते दार नको."

त्यांचे वडील माळकरी. चाळीस वर्षं वारी चुकली नाही. पहाटे त्याच दाराची कडी काढून ते काकड्याला जायचे. "दादांच्या दाराआड बाटल्या नकोत," एवढंच बोलून भावोजी उठून गेले. बरोबरच होतं त्यांचं. मला त्यांचा आदरच वाटला. पण मैत्रीण माझ्याकडे बघत होती आणि मी ट्रे उचलून आत चाललेल्या मावशींकडे. दोघी काही बोललो नाही.

काल तिचा फोन आला. गुत्ता रद्द. सध्या जिन्याखाली साधं प्लायवूडचं कपाट करताहेत, थीम-बीम काही नाही. पाटी मात्र तयार होऊन आली आहे आणि तिचे पैसे परत मिळणार नाहीत, असं डिझायनर म्हणतोय. ती उलटी करून माळ्यावर टाकू का, असं ती विचारत होती.