'गूळ तरी चालंल का, ताई?'

महाळुंगे पडवळच्या बैठकीत त्या दिवशी विषय होता रेशनकार्डांचा. बैठक संपली, बायका उठून गेल्या, आणि एकजण मागे रेंगाळली. बरोबर आठ वर्षांची मुलगी. मुलीला मधुमेह आहे, लहानपणी होणारा, ज्याला डॉक्टर टाईप वन म्हणतात. वर्षभरापूर्वी निदान झालं, तेव्हापासून रोज इन्शुलिनची इंजेक्शनं चालू आहेत. आई म्हणाली, "साखर बंद केली. पण पोर गोड मागती. गूळ तरी चालंल का, ताई? का मध? का ती शुगर-फ्रीची पुडी? एक कायतरी सांगा, म्हंजे माझ्या डोक्याचा ताप जाईल."

सल्ले तिला भरपूर मिळालेले होते. सासूबाई म्हणतात, गूळ घरचा, तो कशाला बाधेल. दुकानदार म्हणतो, खडीसाखर थंड असते. नणंद म्हणते, त्या गोळ्या केमिकलच्या, कॅन्सर होतो. शेजारीण तर म्हणाली, पोटुशी असताना तूच गोड फार खाल्लंस. आणि नवरा? "तुला काय ते समजतं." सांगणारी तोंडं पाच, पण चुलीपुढे उभी एकटीच आणि उद्या काही झालं तर दोषी तीच.

आधी शेजारणीचं बोलणं निकालात काढू. टाईप वन मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही. आईच्याही नाही, मुलीच्याही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून तो होतो. 1922 साली इन्शुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत. 'अमुक बंद, तमुक बंद' हा धाक त्या काळातून आला की काय, असं मला कधी कधी वाटतं. आजचा मार्ग खाणं मोजण्याचा आणि त्याप्रमाणे इन्शुलिनचा डोस बसवण्याचा आहे.

आता गूळ. गुळात बहुतांश साखरच असते, थोडं लोह आणि क्षार जास्त, एवढंच. खडीसाखर म्हणजे साखरेचेच मोठे खडे. मधात पाचातले चार भाग साखर असते, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये. खजूर, काकवी, हल्ली मिळणारी नारळाची साखर, सगळ्यांची जात एकच. 'नैसर्गिक' या शब्दानं आपण बायका फार फसतो. ऊसही नैसर्गिकच आहे. डिंभे धरणाचं पाणी फिरल्यापासून आंबेगाव तालुक्यात तो किती झाला आहे, आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे ट्रॉल्या कशा जातात, हे इथल्या बाईला कोणी सांगायला नको.

पुडीचं काय? तिथेही सगळ्या पुड्या एक नाहीत. अ‍ॅस्पार्टेम असलेली पुडी शिऱ्यात घालून शिजवली तर गोडी उडते. फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला तर ती देऊच नये. वेष्टनावर तशी सूचना असते. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, नणंदेनं ऐकलं ते हेच. पण पुरावा मर्यादित आहे, असंही तिनंच म्हटलं, आणि तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा किलोमागे 40 मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 800 मिलिग्रॅम. एका पुडीत साधारण 35-40 मिलिग्रॅम धरले तर मर्यादा गाठायला वीसेक पुड्या लागतात. सुक्रालोजची मर्यादा किलोमागे 15 मिलिग्रॅम. स्टीव्हियाच्या पानातून शुद्ध केलेल्या गोड द्रव्याला आपल्याकडे 2015 पासून परवानगी आहे. याचा अर्थ ढीगभर द्या असा नाही. 2011 च्या आपल्या लेबलच्या नियमांत कृत्रिम गोडी असलेल्या पदार्थावर 'मुलांसाठी शिफारस नाही' असं छापायला सांगितलं होतं, ते काही उगाच नाही. माझं मत विचाराल तर कधीमधी दुधात, सरबतात अर्धी पुडी घातली म्हणून आईनं अपराधी वाटून घेऊ नये. तिची सवय मात्र लावू नये, कारण जिभेला तेवढंच गोड लागायला लागतं.

आणि 'शुगर-फ्री' बिस्किटांवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. आत मैदा असतो, त्याची रक्तात साखरच होते. त्यातलं माल्टिटॉल थोडी साखर वाढवतं, सॉर्बिटॉल जास्त झालं की पोराचं पोट बिघडतं. दाम मात्र दुप्पट. त्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, उकडलेली मटकी किंवा मासवडी द्या. तीही मोजूनच, पण पोटाला आधार राहतो.

एवढं सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, घरात साखर आहे ना? ती म्हणाली, "सगळी काढून टाकली. गूळपण." मग हळूच सांगू लागली. मागच्या पावसाळ्यात एका रात्री पोरगी घामानं भिजली, हातपाय थरथरू लागले, बरळायला लागली. आईनं घाबरून लिंबूपाण्यात पुडी घालून दिली. काही फरक पडेना. शेजारणीनं गुळाचा खडा आणून दिला, तेव्हा पोर भानावर आली.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की पुडी उपयोगाची नाही, कारण तिच्यात साखरच नाही. तिथे खरी साखर किंवा ग्लुकोजच हवं. वजनाच्या दर किलोला साधारण 0.3 ग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 6 ग्रॅम, सव्वा-दीड चमचा साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना. दवाखान्यातून निघताना आहाराचा कागद तिच्या हातात दिला होता, 'गोड वर्ज्य' असं लिहिलेला. ही गोष्ट मात्र कुणी समजावली नव्हती. निदान तिला समजेल अशी तरी नव्हती.

म्हणून मला वाटतं, 'साखरेऐवजी काय?' हा प्रश्न एकट्या आईला सोडवायला लावणं हाच अन्याय आहे. पोरीचं जेवण वेगळं, बाकीच्यांचं वेगळं असं का? सगळ्यांच्याच चहातली साखर कमी झाली तर कुणाचं काय बिघडणार आहे? बापाला इन्शुलिन टोचता येऊ नये का? आणि मुलगी असेल तर आजार झाकून ठेवायचा, पुढे लग्न कसं जमेल म्हणून शाळेतसुद्धा सांगायचं नाही, हे आपल्या गावांत सर्रास चालतं. झाकलेल्या आजाराचं मूल वर्गात कोसळलं तर गुरुजींना काय कळणार? सीबीएसईनं 2017 साली टाईप वनच्या मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली. 2023 साली राष्ट्रीय बालहक्क आयोगानं राज्यांच्या शिक्षण खात्यांना अशा मुलांच्या सोयींबद्दल लिहिलं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत, दूरच्या वाडीवर, हे कागद पोचतात का, हे आपल्यालाच पाहावं लागेल. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात. त्या नुसत्या सहीपुरत्या बसतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. इथे तर हातात धरण्यासारखा मुद्दा आहे: वर्गशिक्षकाच्या कपाटात साखरेची डबी, आणि ती केव्हा द्यायची ते भिंतीवर लिहिलेलं.

महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूंचं गाव. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या गावातल्या बायकांनी शाळेच्या समितीत उभं राहून साखरेच्या डबीचा ठराव मांडायला इतकं काय कठीण आहे?

होळीनंतर ती बाई पुन्हा भेटली. डॉक्टरांना विचारून, इन्शुलिनचा डोस बसवून पोरीला अर्धी पुरणपोळी दिली होती. सासूबाईंनी स्वतः पुरणात गूळ कमी घातला. तपासणीचे आकडे आता नवरा वहीत मांडतो. पोरीचं दप्तर उघडून तिनं मला बाहेरचा कप्पा दाखवला. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली साखरेची पुरचुंडी होती, आणि चिठ्ठीवर बापाचा मोबाईल नंबर.